डेन्स लोडिंगच्या आदल्या संध्याकाळी

उद्या सकाळी रिअॅक्टरचं मॅनहोल उघडणार. वडोदऱ्याच्या कोयली-रणोली पट्ट्यात शटडाऊनची कामं करून जुने झालेल्यांना यातलं बरंचसं पाठच असेल; पण तुम्ही पहिल्यांदा डेन्स लोडिंगला, म्हणजे रिअॅक्टरमध्ये कॅटॅलिस्टचे (रासायनिक क्रियेला वेग देणारे) दाणे फिरत्या डिस्कने दाट भरायच्या कामाला, उभे राहताय, तर आज रात्री एकदा वाचून ठेवा.

आधी कॅटॅलिस्टचे ड्रम मोजा, आणि मोजताना नुसता आकडा नको, वजन लिहा. कापडी नळीतून कॅटॅलिस्ट सोडलं की दाणे कसेही आडवेतिडवे पडतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. फिरत्या डिस्कमधून ते पावसासारखे विखरून पडतात, त्यामुळे प्रत्येक दाण्याला आडवं बसायला सवड मिळते. म्हणून त्याच जागेत माल जास्त मावतो. समजा भांड्याचा आतला व्यास २.४ मीटर आहे. म्हणजे एक मीटर थराला साडेचार घनमीटर. घनता घनमीटरला ०.७० टनाऐवजी ०.८० टन आली, तर दर मीटरला साडेचारशे किलो जास्त लागतील. हा हिशेब आज केला नाही, तर उद्या अर्ध्या थरावर ड्रम संपतील आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसतील.

भांडं आतून कोरडं आणि झाडलेलं हवं, तळाची जाळी शाबूत हवी. लोडिंग डायग्रामप्रमाणे प्रत्येक थराची उंची आतल्या भिंतीवर खडूने आखून घ्या. तळाचे सिरॅमिक गोळे, आधी १९ मिमीचे, वर ६ आणि ३ मिमीचे, बादलीने उतरवायचे. वरून ओतले की फुटतात आणि तुकडे जाळीत अडकतात.

आता मशीन. डिस्क मधोमध आणि लेव्हलमध्ये बसली आहे ना, हे स्पिरिट लेव्हल लावून तुम्ही स्वतः बघा. ‘बसवलीय साहेब’ यावर जाऊ नका. ती हवेच्या मोटरवर फिरते, म्हणून हवेची लाइन फक्त तिचीच हवी. एका कामात आमच्या लाइनवर शेजारच्या गटाने बोल्ट खोलायची गन जोडली होती. दाब पडला, डिस्क मंदावली, दाणे भिंतीपर्यंत पोहोचेनात आणि मधे चक्क टेकडी झाली. सगळा माल व्हॅक्यूमने उपसावा लागला. तेव्हापासून त्या व्हॉल्व्हला मी कुलूप लावतो.

वजन बांधलेला टेप आणि नोंदवही हाताशी ठेवा. दर अर्ध्या मीटरला डिस्क थांबवून मध्यावर आणि चार दिशांना भिंतीलगत माप घ्या. मधे उंचवटा दिसला तर वेग वाढवा, कडेला चढ दिसला तर कमी करा. थर्मोवेलच्या (तापमान मोजायच्या नळीच्या) आडोशाला खड्डा पडतो, तिथलं माप वेगळं घ्या. फावड्याने सपाट करायचा मोह होईल, पण तसं केलं की तिथली घनता बदलते आणि पुढे वायू मोकळ्या वाटेने पळतो. तिथेच हॉट स्पॉट, म्हणजे जास्त तापलेली जागा, तयार होतो. वरून दाबाचे बोल ऐकू येतील, ‘चाललंय ना, थांबवता कशाला?’ थांबवाच.

आत माणूस उतरवायचा तर परमिट, हार्नेस, बाहेर पहाऱ्याला एक जण आणि ऑक्सिजन मीटर. मीटर २०.९ टक्के दाखवायला हवा. जुना माल नायट्रोजनखाली काढलेला असतो, म्हणून हे दरवेळी तपासायचं, १९.५ टक्क्यांच्या खाली कोणी आत जायचं नाही. डिस्क फिरत असताना तर नाहीच. आत उभं राहायला प्लायवूडच्या फळ्या द्या, नाहीतर बुटाखाली दाण्यांचा चुरा होतो.

वडोदऱ्यात आषाढातली हवा कॅटॅलिस्टला सोसत नाही. ड्रमची झाकणं एकेक करून, भरायच्या वेळीच उघडायची. हॉपरवर (दाणे ओतायच्या नरसाळ्यावर) ताडपत्री तयार ठेवा. आणि रिकामे ड्रम भंगारवाल्याला देण्याआधी नोंदवहीशी जुळवा.