चार कागद आणि एक करडू: शाळेवरचं हसवणारं चित्रपुस्तक घरी कसं बनवायचं

बालवाडी ते दुसरीच्या मुलांसाठी शाळेवरचं गमतीचं चित्रपुस्तक करायचं असेल तर आधी विनोद शोधत बसू नका, एक दिवस वर्गात मागच्या रांगेत जाऊन बसा. वहीत फक्त टिपून घ्या. दाराबाहेर चपलांचा ढीग असतो आणि सुटल्यावर कोणाच्या तरी पायात दोन वेगळ्या चपला असतात, एकाने शूला जाऊ का विचारलं की पाठोपाठ सहा जणांना लागते, टोक काढून काढून पेन्सिल नखाएवढी उरलेली असते, प्रार्थनेला डोळे मिटायचे म्हणजे एक मिटायचा आणि दुसऱ्याने बघायचं कोणी कोणी मिटलेत. हे सगळं मुलांना आधीच माहिती आहे, म्हणून चित्रात आलं की ओळखीचं हसू येतं.

आता मुख्य गोष्ट, माझ्या मते सगळं पुस्तक हिच्यावरच उभं राहतं. पुस्तकातल्या मोठ्या माणसाला जे दिसत नाही ते वाचणाऱ्या मुलाला दिसलं पाहिजे. शाळेत दिवसभर उलटं असतं ना, बाईंना सगळं येतं आणि याला अजून काना-मात्रा जमत नाही. पुस्तकाच्या सोळा पानांत तरी त्याला आधी कळू दे! म्हणजे शब्दांनी एक सांगायचं आणि चित्राने त्यापेक्षा जास्त दाखवायचं. शब्द असे, ‘बाईंनी मोजलं. सगळे आले.’ आणि चित्रात रांगेच्या शेवटी एक करडू उभं. शब्दांत करडाचं नावसुद्धा काढायचं नाही. ते काढलं की गंमत गेली, कारण मग मुलाला शोधायला काही उरत नाही.

हेच करडू घेऊन पूर्ण पुस्तक करून दाखवते, तुम्ही तुमचं घ्या.

चार ए-फोर कागद घ्या, एकात एक ठेवून मधोमध घडी घाला, झाली सोळा पानं. छापील चित्रपुस्तकं बऱ्याचदा बत्तीस पानांची असतात कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की पानं सोळाच्या पटीत सोयीची पडतात, आपल्याला घरी सोळा पुष्कळ. आधी कच्ची प्रत करा, पानांवर आकडे टाका आणि मग कागद सुटे करून बघा, एकाच कागदावर १ आणि १६ शेजारी आलेले दिसतील, मागे २ आणि १५. पुढच्यावर ३ आणि १४, मग ४ आणि १३, असं. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज कायम १७. ही बेरीज लक्षात ठेवली तर कुठलं चित्र कुठल्या कागदावर काढायचं यात घोळ होत नाही.

मधली ८ आणि ९ ही पानं एकाच कागदाची एकच बाजू असते, मध्ये जोड नाही. तुमचं सगळ्यात मोठं, सगळ्यात गोंधळाचं चित्र तिथेच काढायचं. आमच्या पुस्तकात तिथे मधली सुट्टी आहे.

गोष्ट अशी. पान १ नाव. २-३ वर शाळेचं फाटक, मुलं आत येतायत, फाटकामागे फक्त एक शेपूट. ४-५ परिपाठ, सगळ्यांचे डोळे मिटलेले, करडाचेही. ६-७ हजेरी, बाईंची मान हजेरीपत्रकात, ‘हजर बाई’, ‘हजर बाई’, ‘बेंऽऽ’, आणि बाई मान वर न करता म्हणतात, ‘नीट बोल रे, सर्दी झाली का?’ ८-९ मधली सुट्टी, तिथे एकही शब्द नाही. १०-११ वर खिचडी. बाई ताटं मोजतात, पट २३, ताटं २४, पुन्हा मोजतात, तरी २४. अकराव्या पानाच्या खाली एवढंच, ‘चोविसावं ताट कोणाचं?’

इथे थांबा, कारण ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. प्रश्न नेहमी उजव्या पानावर, म्हणजे विषम आकड्याच्या, आणि उत्तर पान उलटल्यावर. दोन्ही समोरासमोर ठेवले तर मुलाची नजर आधीच उत्तरावर जाते आणि हसायचा क्षण निसटतो. पान उलटताना जो एक सेकंद जातो त्यात सगळी मजा आहे, मोठ्याने वाचत असाल तर तिथे पानाचा कोपरा धरून जरा थांबायचं, मुलं ओरडून उत्तर देतातच.

१२-१३ वर सगळी मुलं वेगवेगळ्या दिशेला बघतायत, छताकडे, खिडकीकडे, आणि बाकाखाली चार पाय नि एक रिकामं ताट. १४-१५ वर बाई कमरेवर हात ठेवून बघतात, मग पेन काढतात आणि हजेरीपत्रकात चोविसावी ओळ लिहितात. शेवटचं १६ वं पान, दुसऱ्या दिवशीची सकाळ, फाटकात करडू, आणि त्याच्यामागे त्याची आई, तिच्यामागे अजून तीन. शब्द नाही.

शब्द किती? पानाला एक-दोन वाक्यं, दहा-बारा शब्द झाले की पुरे. एक वाक्य परत परत येऊ द्या, आमच्याकडे ‘बाईंनी मोजलं’ हे प्रत्येक वेळी येतं, चौथ्या पानापासून मुलं स्वतःच म्हणायला लागतात आणि ज्याला अजून वाचता येत नाही तोसुद्धा ‘वाचतो’. आवाजाचे शब्द सढळ वापरा, मराठीत ते किती आहेत, धपाक, टुणकन, चुर्रर्र, गडगड, फुस्स, मुलांना अर्थ सांगावा लागत नाही. जोडाक्षरं जमतील तेवढी कमी, पण त्यापायी बोलणं खोटं करू नका, ‘सर्दी’ हा शब्द मुलं रोज बोलतात तर तो राहू दे. आणि कॉम्प्युटरवर टाइप करणार असाल तर ल आणि श नीट बघा, कितीतरी फुकट मिळणाऱ्या फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात, मुलाच्या पाठ्यपुस्तकात जसे आहेत तसेच पाहिजेत, नाहीतर नवीन वाचणारं मूल तिथे अडखळतं. हाताने लिहिलंत तर उत्तमच, काळं स्केचपेन, मोठं अक्षर.

चित्र येत नाही हे कारण मला पटत नाही, गोल डोकं आणि काडीचे हातपाय चालतात. फक्त प्रत्येक पात्राला एक खूण द्या आणि ती सोळा पानं सोडू नका. एकीच्या वेणीला लाल रिबीन, एकाचा एक मोजा खाली घसरलेला, बाईंचा चष्मा डोक्यावर. मुलं त्या खुणेवरून माणूस शोधतात. आणि मोजायला लावलं असेल तर खरंच मोजून काढा, तेवीस म्हटलं तर तेवीस डोकी पाहिजेत, कारण मुलं बोट ठेवून मोजतात आणि बावीस निघाली तर तुमच्यावरचा विश्वास गेला. सगळ्या पानांवर तेवीस काढणं जड जातं, मग एक-दोन चित्रांतच पूर्ण वर्ग, बाकी ठिकाणी चार-पाच जणं.

शाळा मात्र आजची काढा. मी शाळेत होते तेव्हा खिचडी नव्हती, १९९५ साली शाळेत जेवण द्यायची योजना सुरू झाली तरी आमच्याकडे सुरुवातीला तांदूळच मिळायचे, पिशवीतून घरी न्यायचो. आत्ताच्या मुलाला खिचडीचा वास, ताटांचा आवाज, रांग हे माहिती आहे. शहरातल्या मुलासाठी करत असाल तर स्कूल व्हॅन, लेबल लावलेली वॉटर बॅग, डब्यातल्या भेंडीच्या बदल्यात चिप्स हे सगळं घ्या. आणि छडी नको, गंमत म्हणूनही नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीवर बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मार बघून लहान मूल हसत नाही, जवळच्याचा हात धरतं.

कोणावर हसायचं हा तर फार जपायचा भाग. माझ्या पहिल्या पुस्तकात एका मुलाची चड्डी ओली होते आणि वर्ग हसतो असं पान होतं. वाचताना सगळी हसली, एक मुलगी हसली नाही, पान उलटेपर्यंत खाली बघत राहिली. ते पान मी त्याच दिवशी काढलं. बोबडं बोलणं, जाडेपणा, रंग, फाटकं दप्तर, नापास होणं, यातलं काही विनोदाला घ्यायचं नाही म्हणजे नाही, कारण वर्गात ते मूल खरंच बसलेलं असतं. फजिती करायचीच तर बाईंची करा, सरांची करा, घंटेची करा, करडाची करा, आणि फजितीनंतर त्यांनाही हसताना दाखवा.

कच्ची प्रत झाली की आधी शब्द न वाचता नुसती चित्रं दोन-तीन मुलांना दाखवा आणि त्यांचं बोट कुठे जातं ते बघा. शेपटावर बोट गेलं नाही तर शेपूट लहान आहे, मोठं करा. तुम्हाला समजवावं लागलं ते चित्र परत काढायचं.

मग काळ्या रेघांतच ठेवून पाठपोट झेरॉक्स काढा, रंग मुलं भरतील. दुकानात आधी एकच प्रत काढून बघा, प्रिंटरवर काढत असाल तर छोट्या बाजूवर पलटायचं सेटिंग ठेवा, नाहीतर मागची पानं उलटी येतात. कव्हरला कार्डशीट. शिवायला घडीवर तीन भोकं, मधल्या भोकातून सुई आतून बाहेर, वरच्यातून आत, आतल्या आत खालच्यापर्यंत नेऊन बाहेर, परत मधल्यातून आत आणि तिथेच गाठ. बालवाडीसाठी स्टेपलरच्या पिना नकोत, उघडून बोटाला लागतात.

थोडी तयार पुस्तकंही बघा. प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट २०१५ पासून आहे, तिच्यावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, पानं कुठे उलटतात तेवढं लक्ष देऊन बघा.

आणि कव्हरच्या आतल्या बाजूला हजेरीपत्रक आखून ठेवा, १ ते २३ ओळी रिकाम्या, चोविसावीवर एक खूर. तुमच्या वर्गाचा पट सतरा असेल तर सतरा ओळी आणि पुस्तकातला आकडाही तोच करा. ज्याचं वाचून झालं त्याने आपलं नाव लिहायचं, आणि पुस्तक वर्गातच दोरीला अडकवून ठेवायचं, मुलांचा हात पोचेल इतकं खाली.