कबुतरांची वाट आणि वाटाण्याचं शेत

लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की आजोबा मला मचाणावर चढवायचे. हातात गोफण आणि घसा बसेपर्यंत हाळ्या. आता इंग्लंडात, लिंकनशरमध्ये, तेच राखणीचं काम करतो, कबुतरांपासून पिकाची, फक्त गोफणीच्या जागी बाराबोअर बंदूक आहे. गेल्या एप्रिलमधला एक दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून त्याच्याच आधाराने सांगतो.

आधी कायदा. बंदुकीला पोलिसांचं शॉटगन सर्टिफिकेट हवं, शेतकऱ्याची परवानगी हवी. वुडपिजन, म्हणजे इथली रानकबुतरं, मारायचे ते जीएल४२ या सरकारी परवान्याच्या अटींवर: पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी, आणि बाकीचे उपाय पुरे पडत नसतील तर. नुसती मजा म्हणून नाही. आमच्या शेतकऱ्याने पाखरं बुजवायला नुसता बार काढणारी गॅसची तोफ लावून पाहिली होती. दोन दिवसांत कबुतरं तिच्याच शेजारी चरायला लागली. (आणि हे वाचून गावाकडे कोणी बंदूक काढू नका. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.)

पक्षी ओळखता आलाच पाहिजे. वुडपिजन आपल्या पारव्यापेक्षा चांगलाच थोराड, अर्धा किलोच्या आसपास. मानेवर पांढरा डाग, उडताना पंखावर पांढरा पट्टा. स्टॉक डव्ह हा दुसरा कबुतराचा प्रकार त्याच थव्यात घुसतो, पण त्याच्या अंगावर हे पांढरं काही नसतं. त्याला हात लावायचा नाही. शंका आली की बंदूक खाली.

आता मुख्य गोष्ट, आणि नवशिके नेमकी हीच टाळतात. गेल्या गेल्या सामान उतरवू नका. दुर्बीण घ्या आणि बसा. त्या दिवशी वाटाणा दोन बोटं वर आला होता आणि शेताच्या मधोमध शंभरेक पक्षी दिसले, म्हणून मी घाईने जवळच्या कुंपणाला लपायची जाळी बांधली. तासाभरात चार पक्षी. बाकी सगळे माझ्यापासून दीडशे मीटरवरून, एकट्या अ‍ॅशच्या झाडावरून चराच्या कडेकडेने येत होते. कबुतरांची हवेत वाट ठरलेली असते, आपल्या गाईगुरांसारखी. शिव्या घालत सगळं उचललं आणि त्या वाटेखाली गेलो. पहिल्यांदाच अर्धा तास पाहिलं असतं तर दोन खेपा वाचल्या असत्या.

जाळी काटेरी झुडपाला टेकवून लावा, पाठ दाट हवी, नाहीतर मागच्या उजेडात तुमचं डोकं उठून दिसतं. बसायला मी रंगाची रिकामी बादली नेतो. काडतुसं तिच्यातच येतात. वारा पाठीवर घेतला, कारण कबुतर वाऱ्याला तोंड करून उतरतं, म्हणजे आपल्या समोरच येतं. डिकॉय, म्हणजे भुलवायला मांडलेली खोटी कबुतरं, पंधरा, घोड्याच्या नालाच्या आकारात, एकमेकांत पाच-सहा पावलं, तोंडं साधारण वाऱ्याकडे. साधारण म्हणतोय, कवायतीसारखी रांग लावू नका. मधली मोकळी जागा आपल्यापासून पंचवीस पावलांवर. पक्षी तिथेच उतरायला बघतो. मॅग्नेट, म्हणजे बॅटरीवर गरगरणारे दोन दांडे, त्यांवर मेलेली कबुतरं पंख पसरून बसवलेली, हा मोकळ्या जागेच्या कडेला.

तरी अकराच्या सुमाराला पक्षी साठ मीटरवर येऊन एकदम वळायला लागले. जाळी नीट केली, तोंडावरचं कापड वर ओढलं, मॅग्नेट थांबवून पाहिला. शेवटी दुर्बिणीतून दिसलं: मघाशी पाडलेलं एक कबुतर उताणं पडलं होतं, पोट लख्ख पांढरं. जाऊन ते पालथं केलं, हनुवटीखाली काटकी लावून मान उभी केली. पुढचे तिघे पंख आवळून थेट आत.

गोळी झाडायची ती पक्षी पाय खाली सोडतो तेव्हा. लांबचे सोडून द्या, जखमी करून घालवण्यात काय अर्थ? कुंपणाच्या उंचीपेक्षा खाली किंवा पायवाटेच्या दिशेला कधीही नाही. त्या शेताच्या कडेने लोक कुत्री फिरवतात, त्यामुळे डावीकडची सगळी बाजू मी सोडूनच दिली होती.

चार वाजता त्रेचाळीस पक्षी, एकशे अठरा काडतुसं. नेम किती बरा आहे ते कळलंच असेल. रिकामी नळकांडी एकूण एक वेचा, पुढच्या वेळची परवानगी त्यावरच मिळते.

संध्याकाळी शेतकरी आला. त्याने एक कबुतर उचललं, गळ्याखालची फुगलेली पिशवी चाकूने चिरली आणि तळहातावर पिळली. वाटाण्याचे कोवळे शेंडे, ओलेचिंब, मूठभर. बराच वेळ तो ते बोटाने सारखे करत राहिला. मग म्हणाला, उद्या येशील का?