सूर्य म्हणजे वीटभट्टी नव्हे: ताऱ्यांच्या ऊर्जेवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

खानापूर भागातल्या पोरांना सूर्य कसा तापतो विचारलं की उत्तर ठरलेलं: "भट्टीगत जळायलाय की, सर!" गावाबाहेर विटांच्या भट्ट्या बघतच वाढलेली पोरं, दुसरं काय म्हणणार? पण वह्या तपासताना माझी निम्मी लाल शाई या भट्टीवरच संपते.

जळायला ऑक्सिजन लागतो. सूर्य कोळशाचा असता तर काही हजार वर्षांत विझला असता. तो 460 कोटी वर्षं तापतोय. म्हणून 'हायड्रोजन जळतो' खोडा, 'हायड्रोजनच्या केंद्रकांचं संमीलन होतं' लिहा, म्हणजे हलकी केंद्रकं जुळून जड केंद्रक बनतं. आणि घाईत 'विखंडन', म्हणजे जड केंद्रक फुटणं, लिहू नका. ते कैग्याच्या अणुवीज केंद्रात चालतं, युरेनियमचं.

गुण खरे जातात ते समीकरणात. 'दोन हायड्रोजन मिळून हेलियम' असं सर्रास लिहितात. लागतात चार प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची चार केंद्रकं, तीही टप्प्याटप्प्याने. वाटेत दोन प्रोटॉनांचे न्यूट्रॉन होतात. उत्तर जुळतंय का बघायचं तर विद्युतभार मोजा: डावीकडे अधिक चार, उजवीकडे हेलियमचे अधिक दोन आणि दोन पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनएवढेच पण अधिक भाराचे कण. पॉझिट्रॉन विसरलात तर हिशेब तिथेच अडतो. न्यूट्रिनो या अतिहलक्या कणांना विद्युतभार नाही, म्हणून तेही लिहायचे राहून जातात. तेही दोन लिहा. वस्तुमानाचंही तसंच. 1000 ग्रॅम हायड्रोजनपासून 993 ग्रॅम हेलियम होतो, उरलेल्या 7 ग्रॅमची ऊर्जा. सूर्यात दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन लागतो आणि त्यातले 40 लाख टनांवर ऊर्जा होऊन जातात.

हे आकडे ऐकून पोरं 'प्रचंड स्फोट' लिहितात. इथे मी त्यांना गोठ्यामागच्या उकिरड्यात हात घालायला सांगतो. आतलं शेण कोमट लागतं ना? सूर्याच्या अगदी मध्यावरही एका घनमीटरातून जेमतेम पावणेतीनशे वॅट निघतात, म्हणजे कुजणाऱ्या खताच्या ढिगाइतकेच! तापमान दीड कोटी अंश, तरी एकेका प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी शेकडो कोटी वर्षं लागतात. सूर्य टिकतो तो या संथपणामुळे, आणि एवढा तळपतो तो आकारामुळे.

शेवटची चूक हुशार पोरांची: 'मोठे तारे शेवटी लोखंडही वापरतात.' नाही. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. म्हणून लोखंडाचा गाभा स्वतःच्या वजनाने ढासळतो. हे सांगितल्यावर, वडील उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असलेल्या एका पोराने विचारलं, "मग बाबा ओततात ते लोखंड ताऱ्यातलंच काय, सर?"

होय, ताऱ्यातलंच.