सॉफ्टवेअर खरंच फुगलंय का? आधी मेमरी मोजा

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात बिलिंगला ४ जीबी रॅमचा जुना संगणक असेल आणि तो अडखळत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी आकडे घ्या.

संगणक रीस्टार्ट करा, फक्त बिलिंग उघडा, १० मिनिटं नेहमीचं काम करा. विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’मध्ये कॉलमच्या नावावर राइट-क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘कमिट साइझ’ (प्रोग्रामने स्वतःसाठी राखून घेतलेली मेमरी, रॅममधली आणि डिस्कवर ढकललेली मिळून) जोडा. ‘प्रायव्हेट वर्किंग सेट’वर (प्रोग्रामची स्वतःची, या क्षणी रॅममध्ये असलेली मेमरी) विसंबू नका: डिस्कवर ढकललेली मेमरी त्यात धरत नाहीत, त्यामुळे रॅम कमी पडत असतानाच तो आकडा लहान दिसतो. कमिट तासातासाला वहीत लिहा. तेच काम करत असताना तो चढतच राहिला, तर गळतीचा, म्हणजे घेतलेली मेमरी प्रोग्राम परत करत नसल्याचा, दाट संशय घ्या. सुरुवातीपासून मोठा पण स्थिर असेल, तर प्रोग्रामची भूकच तेवढी.

लिनक्सवर आरएसएसची (प्रत्येक प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, व्यापलेली रॅम) बेरीज करू नका; सामायिक लायब्ररी प्रत्येक प्रोसेसमध्ये पुन्हा मोजली जाते. पीएसएस बघा, त्यात सामायिक मेमरी वापरणाऱ्यांमध्ये वाटून मोजतात; ‘स्मेम’ हा प्रोग्राम तो आकडा दाखवतो.

‘कॅश्ड’ मेमरी (आधी वाचलेला डेटा पुन्हा लागेल म्हणून रॅममध्ये ठेवलेला) मात्र गरज पडताच मोकळी होते, ती वाया गेलेली नाही. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’ पाहा, म्हणजे हवी ती मेमरी रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून किती वेळा आणावी लागली. प्रोग्राम उघडताना ते उसळतातच. काम चालू असतानाही सतत वर राहिले, तर रॅम खरंच अपुरी असण्याची दाट शक्यता आहे.