घरभर पाहुणे आणि शेवटचा तास

सणाला सगळं कुटुंब जेवायला येणार असेल, तर एवढं गृहीत धरा: कुणीतरी तासभर उशिरा येणार आणि कुणी न सांगता आणखी दोघांना घेऊन येणार. म्हणून पानं वाढायची वेळ ठरवून तिथून उलटं मोजत या. शेवटच्या तासाला गॅसवर एकच पदार्थ उरावा, तोही सतत ढवळावा न लागणारा. बाकीचं आदल्या दिवशीच करून फ्रीजमध्ये. मात्र मोठं पातेलं गरमागरम तसंच आत ढकलू नका. मध्यभागी ते कितीतरी वेळ कोमट राहतं आणि तिथेच बिघडतं. पसरट, उथळ डब्यांत काढलं की लवकर निवतं.

शिजलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. त्यामुळे उशिरा येणाऱ्यांचं ताट ओट्यावर झाकून ठेवण्यापेक्षा त्यांचा वाटा फ्रीजमध्ये टाका आणि आल्यावर चांगल्या वाफा येईपर्यंत गरम करा.

एखादा पदार्थ फसणारच. खाली लागला तर खरवडू नका, वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. रस्सा खारट झाला तर बटाट्यावर भिस्त ठेवू नका (तो मीठ वेचून घेत नाही, रस्साच शोषतो), बिनमिठाचा रस्सा घालून वाढवा. आणि वाढताना माफी मागत फिरू नका; निम्म्यांना कळतही नाही.

‘काही मदत करू का?’ असं विचारणाऱ्याला नेमकं काम सांगा: पाणी भर, पानं घे. भांड्यांची वाटणी मात्र जेवणाआधीच करा, नंतर सगळेच पेंगतात.