रॉब बरोचा खेळ कसा पाहावा

इंग्लंडचा रग्बीपटू रॉब बरो हे नाव बहुतेकांना एका व्हिडिओमुळे माहीत असतं: मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर एका मित्राने त्याला उचलून नेलं तो. माझी विनंती आहे, तिथून सुरुवात करू नका. तो व्हिडिओ शेवटी पाहा. आधी त्याचा खेळ पाहायला शिका. मी माझ्या वडिलांना ज्या क्रमाने शिकवलं, तोच क्रम इथे देते.

अण्णा सांगलीहून पहिल्यांदा लीड्सला आले, तेव्हा त्यांना हेडिंग्लेला नेलं. सचिन १९९२ साली यॉर्कशरकडून खेळला, ते हे मैदान. २००२ च्या कसोटीत सचिन, द्रविड आणि गांगुली यांनी एकाच डावात शतकं काढली, तीही इथेच. क्रिकेटचं आणि रग्बीचं मैदान इथे पाठीला पाठ लावून आहे, मधला स्टँड दोघांच्या सामाईक मालकीच्या भिंतीसारखा. पलीकडच्या बाजूला लीड्स ऱ्हायनोजकडून बरो २००१ ते २०१७ असे सतरा हंगाम खेळला. उंची पाच फूट पाच इंच. समोर शंभर किलोच्या वरचे गडी. फोटो पाहून अण्णा म्हणाले, "हे पोरगं यांच्यात कुठं शिरणार?" घरी येऊन मी जुने सामने लावले.

पहिली गोष्ट, हा खेळ रग्बी लीग आहे. आपल्याकडे टीव्हीवर सहसा दिसतो तो युनियन, पंधरा जणांचा. लीगमध्ये तेरा. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले. शनिवारी सामना खेळायला गेलं की खाणीतल्या, गिरणीतल्या कामगाराचा खाडा पडायचा, आणि त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायला वरिष्ठ संघटना तयार नव्हती. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. बरोही त्याच पट्ट्यातला, १९८२ साली पॉन्टिफ्रॅक्टला जन्मलेला.

आता पकडी मोजायला लागा. चेंडू हाताने फक्त मागे टाकता येतो. पकड झाली की गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुन्हा सुरू. अशा सहा पकडी. सहावी झाली की चेंडू समोरच्या संघाकडे, म्हणून पाचवीनंतर बहुधा लाथ मारून तो लांब पाठवतात. अण्णा बोटांवर मोजत होते. दहा मिनिटांत त्यांना खेळ कळला. कबड्डी खेळलेल्या माणसाला इथे फार सांगावं लागत नाही.

एकच गोष्ट मात्र सावकाश सांगावी लागते, आणि बरो समजायचा तर तीच कळीची आहे. प्रत्येक पकडीनंतर रक्षकांना दहा मीटर मागे हटावं लागतं. मागे पळा, पुढे या, धडका, पुन्हा मागे. वीस-पंचवीस मिनिटांत ही अवजड माणसं धापा टाकायला लागतात. कारकिर्दीच्या उत्तरार्धात बरोला अशा वेळी राखीव बाकावरून आत आणायचे. पायाने मागे सरकवलेला चेंडू उचलतो त्याला डमी हाफ म्हणतात. त्या जागी बरो उभा दिसला की चेंडू विसरा आणि रक्षकांकडे पाहा. कोण अजून मागे पोचलेला नाही, कोणाचे हात गुडघ्यांवर आहेत? बरो तेच पाहत असायचा.

आता सुपर लीग या इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या सर्वोच्च स्पर्धेचा ८ ऑक्टोबर २०११ चा अंतिम सामना लावा, लीड्स विरुद्ध सेंट हेलन्स, ओल्ड ट्रॅफर्ड. (हे मँचेस्टरचं फुटबॉलचं ओल्ड ट्रॅफर्ड, क्रिकेटचं नव्हे. अण्णांचा घोटाळा झाला होता.) पूर्वार्धातला बरोचा ट्राय (समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणं) तीनदा पाहायचा.

पहिल्यांदा न थांबवता. जेमतेम काही सेकंदांचा आहे, होऊन जाऊ द्या.

दुसऱ्यांदा फक्त त्याचं डोकं पाहा. पहिला रक्षक हात टाकतो आणि डोकं त्या हाताखालून निघून जातं. इथे अण्णा खुर्चीतून उठले. "अगं, ही डुबकी आहे!" साखळी धरलेल्या रक्षकांच्या हातांखालून चढाईपटू निसटतो, तीच. उंच माणसाला ती जमायला कंबर मोडावी लागते, बरोला नुसती मान लववावी लागते. उंची कमी असूनही तो खेळला, असं लोक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. त्या क्षणी ती उंचीच त्याचं हत्यार होती.

तिसऱ्यांदा शेवटचा रक्षक पॉल वेलन्सकडे पाहा. सेंट हेलन्सचा मुरलेला खेळाडू. बरो त्याच्यासमोर येतो, दिशा बदलतो आणि वळसा घालून पुढे जातो. वेलन्सचे पाय पाहिलेत तर कळेल, त्याच्या हातून चूक अशी झालीच नाही. त्याला वेळच मिळाला नाही.

उत्तरार्धात लीड्स ८-१६ असं मागे पडलं आणि तरी ३२-१६ ने जिंकलं. सामनावीराची हॅरी सनडरलँड ट्रॉफी बरोला मिळाली. २००७ च्या अंतिम सामन्यातही ती त्यालाच मिळाली होती, समोर सेंट हेलन्सच, ३३-६. तो सामनाही जमल्यास पाहा. त्यात तो पकडी करतो तेव्हाही नजर ठेवा. मोठ्या गड्याच्या छातीला भिडण्याऐवजी तो पायांत शिरतो. शेवटचा सामना २०१७ चा, कॅसलफर्डविरुद्ध २४-६. ते त्याचं आठवं सुपर लीग विजेतेपद. एवढे तीन पुरेत.

दोन वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याला मोटर न्यूरॉन डिसीज असल्याचं निदान झालं. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. चालणं जातं, गिळणं जातं, बोलणं जातं. पुढे तो डोळ्यांच्या हालचालीने चालणाऱ्या यंत्रावरून बोलायचा.

आता तो व्हिडिओ. १४ मे २०२३, लीड्स मॅरेथॉन. बरोची व्हीलचेअर बेचाळीस किलोमीटर ढकलत आणणारा केव्हिन सिनफील्ड हा त्याच्या लीड्सच्या दिवसांतला कर्णधार. रेषेच्या अलीकडे तो थांबतो, वाकतो, बरोला दोन्ही हातांवर उचलतो आणि पलीकडे नेतो.

बरो २ जून २०२४ ला गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी लीड्सच्या सीक्रॉफ्ट हॉस्पिटलमध्ये, त्याच्या नावाच्या मोटर न्यूरॉन केंद्राच्या बांधकामाची पहिली कुदळ पडली.

अण्णांनी मॅरेथॉनचा व्हिडिओ एकदाच पाहिला. मग म्हणाले, "ती डुबकी लाव परत."