सेकंड हँड टीटी घ्यायचीय? आधी फिटर शोधा, गाडी नंतर

ऑडी टीटीचं, म्हणजे त्या दोन दारांच्या छोट्या स्पोर्ट्स कारचं, वेड ज्याला आहे त्याला ते का आहे हे सांगायची गरज नसते आणि ज्याला नाही त्याला सांगून उपयोग नसतो, त्यामुळे तो विषय सोडून देऊ. मुद्दा असा की टीटीची दुसरी पिढी, म्हणजे २००६ ला आलेली ८जे, आता अशा भावात दिसायला लागलीय की नवी क्रेटा घ्यायला निघालेला माणूस पण रात्री बाराला जाहिराती चाळत बसतो. घ्यावी का? घ्या की. फक्त गाडीचा भाव पडला म्हणून पार्टचा भाव पडत नाही एवढं डोक्यात पक्कं बसवा. हेडलाइट फुटली तर बिल जुन्या गाडीचं नाही, ऑडीचंच येणार.

म्हणून सगळ्यात पहिलं काम गाडी बघणं नाहीच. पहिलं काम म्हणजे आपल्या शहरात हिच्यावर कोण हात ठेवू शकतो ते शोधणं. इथे एक चांगली बातमी आहे. टीटी वरून कितीही वेगळी दिसली तरी खालून ती स्कोडा लॉरा आणि जुन्या जेट्टाची बहीण आहे, प्लॅटफॉर्म तोच, पीक्यू३५. आणि डिझेल लॉरा-जेट्टामध्ये जो सहा स्पीडचा ओला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) यायचा तोच गिअरबॉक्स, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचवाला, हिच्यात आहे. म्हणजे पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात ज्या गॅरेजवाल्याने आठ-दहा लॉरा उघडल्यात त्याला टीटी बघून घाम फुटत नाही. त्याच्याकडे व्हीसीडीएस (फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्यांचे दोष वाचणारं सॉफ्टवेअर) किंवा तसला चांगला स्कॅनर आहे का विचारा, पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल नव्हे. असा माणूस मिळाला की अर्धी लढाई झाली, नाही मिळाला तर प्रत्येक बारीकसारीक कामाला गाडी टोइंगवर टाकून दुसऱ्या शहरात न्यायची तयारी ठेवा. बॉडीचं मात्र सगळं हिचं स्वतःचं, काच, बंपर, लाइट, लॉराचं काहीच बसत नाही.

आता इंजिन. सुरुवातीच्या २.० टीएफएसआयला, म्हणजे टर्बो पेट्रोलला, २०० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा रबरी पट्टा. नंतरच्या, साधारण २०१० पासूनच्या २.० ला २११ पीएस, टॉर्क ३५० न्यूटन मीटर आणि बेल्टऐवजी चेन. आणि तिसरं ते ३.२ लिटरचं सहा सिलिंडरवालं, २५० पीएस, ज्याचा आवाज एकदा कानात गेला की डोकं चालायचं बंद होतं.

बेल्टवाल्यात एक छोटा पार्ट असतो, कॅम फॉलोअर, हाय प्रेशर फ्यूल पंप आणि कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मधली एक बारकी स्टीलची वाटी. ती झिजून तिला भोक पडलं की कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही जातात. पार्ट स्वस्त, काढून बघायला फार वेळ लागत नाही, आणि तरी बहुतेक मालकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. विकणाऱ्याला सहज विचारा, "कॅम फॉलोअर कधी बदलला?" त्याने तारीख सांगितली तर माणूस गाडीत जीव लावणारा आहे, "ते काय असतं" म्हणाला तर पंप खोलून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेल्टचं पण तसंच, किलोमीटर किती झाले त्यापेक्षा बेल्ट किती वर्षांचा आहे ते विचारा, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

चेनवाल्याचं दुखणं म्हणजे टेन्शनर, चेन ताणून धरणारा पार्ट. जुन्या डिझाइनचा टेन्शनर दगा देतो, चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग इंजिनचं काम गाडीच्या किमतीकडे बघत नाही. सुधारित टेन्शनर टाकल्याचं बिल असेल तर उत्तम. शिवाय हे इंजिन ऑइल पितं. कंपनीचं मॅन्युअलच हजार किमीला अर्धा लिटरपर्यंत चालेल म्हणतं, त्यामुळे डिक्कीत ऑइलचा कॅन दिसला तर दचकू नका, पण किती किमीला टॉप-अप करतो ते मालकाकडून वदवून घ्या. दोन्ही २.० मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत, म्हणून त्यांच्यावर कार्बन साचतो आणि सकाळी गाडी लंगडत सुरू होते. ते साफ करता येतं, घाबरायचं काम नाही, भावात पकडायचं काम आहे.

३.२ दणकट आहे पण तिचीही चेन ताणते आणि चेन आहे गिअरबॉक्सच्या बाजूला. म्हणजे चेन बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. स्कॅनर लावून कॅमशाफ्टच्या फेजच्या व्हॅल्यू, म्हणजे चेन किती ताणलीय त्याचे आकडे, बघितल्याशिवाय ३.२ ला टोकन देणारा माणूस एकतर फार श्रीमंत असतो किंवा प्रेमात पडलेला. माझं मत विचाराल तर पुण्यातल्या ट्रॅफिकसाठी २११ वाली, टेन्शनर बदलून झालेली. आवाजासाठी ३.२ घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा खिशात फ्रिजला लावायचं लोहचुंबक ठेवा, आणि हे नीट वाचा कारण टीटीत हा खेळ उलटा आहे. ८जेच्या बॉडीत जवळपास ६९ टक्के ॲल्युमिनियम आहे, पुढचा सगळा भाग ॲल्युमिनियमचा आणि दरवाजे, डिक्कीचं झाकण, मागचा फ्लोअर स्टीलचा, वजन पुढेमागे बरोबर वाटलं जावं म्हणून. म्हणजे चुंबक दरवाजाला चिकटलं पाहिजे आणि बोनेटला, पुढच्या फेंडरला अजिबात चिकटता कामा नये. फेंडरला चिकटलं तर तो कंपनीचा फेंडर नाही, सरळ. दरवाजावर चिकटता चिकटता एखाद्या ठिकाणी सुटलं तर तिथे पुट्टी आहे. पेंटची जाडी मोजायचं स्वस्तातलं मीटर बरेचदा फक्त लोखंडावर चालतं, बोनेटवर ते काहीच दाखवणार नाही, मग डीलर म्हणणार "बघा साहेब, झीरो, ओरिजिनल आहे." ॲल्युमिनियम ओढून सरळ करायचं काम आपल्याकडच्या साध्या डेंटिंगवाल्याचं नाही, त्यामुळे पुढून जोरात ठोकलेली टीटी कितीही चकाचक केली असली तरी सोडा. बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा, पाना लागून रंग उडालेला असेल तर का उडाला ते विचारा.

दरवाजाला फ्रेम नाही, त्यामुळे हँडल ओढलं की काच बोटभर खाली सरकली पाहिजे आणि दरवाजा लावल्यावर परत वर जाऊन रबरात बसली पाहिजे. दोन्ही दरवाजांवर पाच-सहा वेळा करून बघा. लॉकमधला मायक्रोस्विच गेला की काच सरकत नाही, रबर फाटतं आणि जुलैमध्ये सीटवर पाणी. कार्पेट उचलून वास घ्या, पावसाळ्यात भिजलेल्या गाडीचा वास कुठल्याच परफ्यूमने जात नाही. मागचा स्पॉयलर १२० च्या वेगाला आपोआप वर येतो, पण त्यासाठी एक्स्प्रेस वेवर जायची गरज नाही, आत बटण आहे, दाबा आणि आवाज ऐका. मागच्या सीटचा विचार करूच नका, तिथे लहान पोरं किंवा लॅपटॉपची बॅग.

कमी रनिंगचा सापळा. "सर, फक्त बावीस हजार चाललीय, संडे कार होती." हे ऐकून लोक दोन-तीन लाख जास्त द्यायला तयार होतात आणि मला तीच गाडी जास्त धोक्याची वाटते. बावीस हजार चाललीय म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदललं नाही, कारण पुस्तकात ६०,००० किमीला लिहिलंय. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, असेल तर मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या हॅल्डेक्सचं ऑइल पण पहिल्या दिवसाचंच. टायर नवेकोरे दिसतात, पण साइडला चार आकडे वाचा, २३१३ लिहिलं असेल तर २०१३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर आहे तो, टणक झालेला, पावसात घाटात नेऊ नका. मुंबईत बेसमेंटला उभ्या गाड्यांत उंदीर, वायरिंग कुरतडलेलं, फिल्टरच्या डब्यात घरटं, हे सगळं सापडतं. सत्तर-ऐंशी हजार चाललेली, जाडजूड बिलांची फाइल असलेली, एका वेड्या माणसाची गाडी यापेक्षा शंभर पटीने बरी. आणि बावीस हजार खरंच बावीस आहेत का तेही बघा, मीटर मागे घेणं काही अवघड नाही. ड्रायव्हर सीटची उजवी कड, जिथून आपण घासत उतरतो, आणि स्टिअरिंगचं लेदर खोटं बोलत नाही.

टेस्ट ड्राइव्हला जाताना मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गोड हसून चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन सुरू करताना खडखड झाली आणि दोन-तीन सेकंदांनी थांबली तर चेनवाल्या इंजिनात ती टेन्शनरची हाक असू शकते. मग गाडी डीमध्ये टाकून ब्रेक हळूच सोडा, झटका न देता सरकली पाहिजे. पहिल्याचा दुसरा गिअर पडताना थरथर, रिव्हर्स पडायला उशीर, सिग्नलला उभी असताना खालून डबा वाजल्यासारखा आवाज, यातलं काहीही दिसलं तर क्लच, मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट) किंवा फ्लायव्हील यांच्यापैकी कोणीतरी बोलतंय. हे सगळं गाडी गरम झाल्यावर, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडल्यावर परत बघा, कारण बरेच दोष तेव्हाच बाहेर येतात. मॅग्नेटिक राइड, म्हणजे कडकपणा आपोआप बदलणारे शॉकॲब, असेल तर लिफ्टवर चढवून चारही शॉकॲबला ऑइलचा ओला डाग आहे का बघाच, ते शॉकॲब भयंकर महाग आहेत. लिफ्टवर न्यायला मालक नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार.

कागद. खूप जणांची गाडी इंजिनावर नाही, आरटीओत अडकते. सगळ्या ८जे हंगेरीतल्या ग्योरमधून बनून आलेल्या, म्हणजे आरसीवर इम्पोर्टेड. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर रिन्यू करायला इम्पोर्टेड चारचाकीला एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये फी आहे, साध्या कारला ५,०००. गाडी २० वर्षांच्या पुढे गेली की २०२५ च्या बदलानंतर तीच ८०,०००. त्यावर फिटनेस आणि आपल्याकडचा पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०१० ची गाडी आणि २०१३ ची गाडी यांच्या भावात फरक का असतो ते कळलं असेल.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते त्याचं कारण तिथला पेट्रोलला १५ वर्षांचा नियम, मुदत जवळ आली की मालक मिळेल त्या भावात एनओसी देऊन बाहेर काढतो. घ्यायला हरकत नाही, पण एमएच नंबर करताना इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो आधी आरटीओत विचारून किमतीत धरा. पाँडिचेरीचा पीवाय नंबर पण खूप दिसेल, टॅक्स वाचवायला केलेला. दुसऱ्या राज्याची गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो, "काही नाही होत साहेब" म्हणणारा एजंट चौकात पोलिसांनी थांबवल्यावर फोन उचलत नाही. आणि कार्नेवर (तात्पुरत्या आयातीच्या कागदावर) आलेली परदेशी नंबरची गाडी कुणी "पेपर करून देतो" म्हणून विकत असेल तर ती परत जायच्या बोलीवर आलेली गाडी आहे, कस्टमवाले तुमच्या पार्किंगमधून उचलून नेतील.

बाकी नेहमीचं, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, बाहेरच्या राज्याची असेल तर फॉर्म २८. चेसिस नंबर काचेखालून स्वतः वाचून आरसीशी जुळवा. चलन ऑनलाइन बघा, अशा गाड्यांना स्पीडिंगची चलनं असतातच. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. एवढ्या जुन्या गाडीला झीरो डेप (पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) बहुतेक मिळणार नाही, म्हणून बंपर जपा.

घासाघीस करताना "गाडी छान आहे पण बजेट नाही" हे रडगाणं नको, फिटरने काढलेली यादी समोर ठेवा, टायर, डीएसजी ऑइल, हॅल्डेक्स, टेन्शनर, प्रत्येकापुढे रक्कम. आणि तुमच्याकडे जे काही बजेट आहे त्याच्या चार भागांतले तीनच गाडीला, चौथा भाग बँकेत राहू दे, तो पहिल्या वर्षात लागतो. सगळं बजेट गाडीतच जाणार असेल तर जरा थांबा किंवा लॉराच घ्या.

घरी आणल्यावर बिलं काही का म्हणेनात, इंजिन, गिअरबॉक्स आणि हॅल्डेक्सची ऑइलं एकदा बदलून टाका आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आलंय, गाडी त्या जमान्यातली नाही, तेव्हा लिफ्टवर असतानाच फ्यूलचे रबरी पाइप फिटरला दाखवा, फुगलेले किंवा चिरलेले वाटले तर लगेच बदला. आणि सोसायटीच्या रॅम्पवर पहिल्यांदा चढवताना सरळ नको, तिरकी घ्या.